बाण कुणीकडे काढला?

बटाट्याच्या जाडजूड ऑम्लेटवर सुरी टेकवली आणि कोस्मेच्या मनात एकदम शंका आली. खाली पान्चिकाच्या गोठ्यापाशी रस्ता फुटतो, तिथला बाण आपण कुणीकडे काढलाय? उजवीकडे की डावीकडे?

सुरी तिथंच राहिली. अर्नोते डोंगराच्या माथ्यावर सान रोकेचं एवढंसं चर्च, त्याच्या पायऱ्यांशी टेबल मांडलेलं, त्यावर ऑम्लेटं, केळी, पाण्याचे जग. समुद्रावरून आलेलं धुकं असं दाटलेलं की टेबलाच्या या टोकाला उभ्या कोस्मेला त्या टोकाची आपली बायको एदुर्ने नुसती अंदाजानं दिसत होती. ती संत्री सोलत होती. तिनं वर न बघताच विचारलं, "काय झालं?"

"कुठं काय."

"तुझं 'कुठं काय' मला लग्नाच्या दिवसापासून ठाऊक आहे. चर्चच्या दारात म्हणाला होतास. गॅस चालू राहिलाय असं वाटत होतं तुला. बोल."

"पान्चिकाच्या फाट्यावरचा बाण," कोस्मे म्हणाला. "कुणीकडे काढला ते आठवत नाहीये मला."

एदुर्नेनं संत्रं खाली ठेवलं, सुस्कारा सोडला आणि संत्रं परत उचललं.

तिचाही काही दोष नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, आणि कोस्मेच्या मागे तर ब्रह्मराक्षसांचं आख्खं गाव लागलेलं. ओन्दार्बे बंदरातल्या मासळीच्या कारखान्यात तो डब्यांची झाकणं तपासायचा. झाकण नीट बसलंय की नाही याची शंका घेण्याचाच ज्याला पगार मिळतो अशा माणसाने घरी येऊन शंका कुठं टाकायची? ती अंगाला चिकटून येते, मासळीच्या वासासारखी. बंदरातल्या सायकल क्लबात त्याचं नावच मुळी 'अग्निशामक' होतं, आग नसताना बंब आणणारा. एका वर्षी केळी सडकी आहेत म्हणून त्यानं सगळी केळी फेकायला लावली. केळी उत्तम होती. एका वर्षी पुलाला तडा गेलाय म्हणून दीडशे माणसं थांबवली; तडा म्हणजे गोगलगाईची ओली रेघ निघाली. चढाला तो अजूनही पोरांना मागे टाकायचा, पण उतारावर सायकल घालायची हिंमत नाही. वरून खाली नेहमी क्लबच्या गाडीत बसून. "आमचा कोस्मे वर जातो माणूस म्हणून, खाली येतो सामान म्हणून," हे क्लबातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात आवडतं वाक्य होतं.

पण क्लबच्या जूनमधल्या मोठ्या फेरीचे बाण मात्र वर्षानुवर्षं तोच काढायचा. चुन्याचे बाण, रस्त्यावर, प्रत्येक वळणाला. इतका भित्रा माणूस बाण चुकवणार नाही असा सगळ्यांचा भरवसा. डोंगरामागच्या गावातून निघायचं, अर्नोते चढायचा, समुद्राच्या बाजूला उतरायचं आणि बंदरात येऊन जेवायचं, अशी फेरी. बाण मात्र उलटे काढत जायचे, बंदरातून सुरुवात करून डोंगरामागच्या गावापर्यंत. कारण त्या गावात सफरचंदाच्या दारूचा गुत्ता आहे. गुत्त्यापासून कामाला सुरुवात केली तर काम तिथंच संपतं, हे तिथल्या लोकांना वाडवडिलांपासून पक्कं माहीत.

काल दुपारी क्लबातला लोन्चो गाडी चालवत होता आणि कोस्मे उतरून बाण काढत होता. फाट्यावर तो खालून वर आला. आणि खालून येणाऱ्याचा डावा हात तो वरून येणाऱ्याचा उजवा. हे हातांचं गणित तो दर वेळी रस्त्यात उलटा वळून, दोन्ही हात पसरून, पुटपुटत करायचा. काल पसरले होते का हात? लोन्चो खिडकीतून फुटबॉलबद्दल बडबडत होता. गोलकीपर बदलायला हवा म्हणत होता. कोस्मेला गोलकीपर आठवत होता, चुन्याची बादली आठवत होती, हात काही आठवत नव्हते.

दुसरा कुठला फाटा असता तर कोण कुठं गेलं असतं? चार मैल जास्त फिरून शिव्या देत परत आलं असतं. पण पान्चिकाच्या फाट्यावर उजवा रस्ता खोऱ्यातून बंदराला उतरतो, आणि डावा समुद्राच्या कड्यावरून जातो. जायचा म्हणायला हवं. हिवाळ्यात समुद्रानं त्याचा लचका तोडला. दोन-तीन वळणांपलीकडे, एका आंधळ्या वळणाच्या पोटात, रस्ताच नाही. उरलीय ती कडेची एक वीतभर पट्टी, तिच्यावरून पान्चिकाच्या गाई शहाण्यासारख्या एकामागून एक जातात. नगरपालिकेनं तोंडाशी लाल-पांढरे अडथळे लावलेत, पण गवतकापणीच्या दिवसांत ट्रॅक्टर आत न्यायला शेतकरी ते ओढून बाजूला ठेवतात आणि परत लावायचं कुणाच्या बापाला आठवत नाही.

अशा धुक्यात, उतारावर, वेगात असलेली टोळी त्या वळणात शिरली तर? कोस्मेला पुढचा विचार करवेना. आणि करवेना म्हणता म्हणता त्याने तो सबंध केला. मन चिंती ते वैरी न चिंती. कारण पुढच्या टोळीत त्याची पोरगी इराती होती.

त्यानं लोन्चोला फोन लावला. लोन्चो क्लबची गाडी घेऊन सगळ्यांच्या पुढे गेलेला, एव्हाना बंदराच्या वेशीवर पोचलेला; टेबल आणि कोस्मेला न्यायला तो नंतर परत येणार होता.

"लोन्चो, तू फाट्यावरून गेलास तेव्हा बाण बघितलास?"

"मी रस्ता बघत होतो बाबा. चालवताना तोच बघतात."

"म्हणजे बघितला नाहीस."

"कोस्मे, या वर्षी काय? केळी की गोगलगाय?"

"लोन्चो, थट्टा नको. परत जाऊन एकदा बघून ये. तुझ्या पाया पडतो."

"इथं जेवणाचं सामान उतरवायचंय, भट्टी पेटवायचीय. तू वीस वर्षं बाण काढतोयस, एक तरी चुकलाय? नाही ना? मग ऑम्लेट काप." आणि लोन्चोनं फोन ठेवला. परत लावला तर उचलेना.

तेवढ्यात धुक्यातून चेन फिरल्याचे आवाज आले, धापा आल्या, आणि पुढची टोळी माथ्यावर उगवली. चाळीसेक जण. सगळ्यांत पुढे इराती, एकवीस वर्षांची, आईसारखी सडपातळ, लालबुंद झालेली. तिच्या चाकाला चाक लावून नेस्तोर. हा नेस्तोर बिल्बाओच्या मुलींच्या सायकल संघाचा प्रशिक्षक, खास इरातीला बघायला आलेला. मागच्या महिन्यात एका शर्यतीनंतर त्यानं तिला तोंडावर सुनावलं होतं, "चढावर वाघीण आहेस, उतारावर शेळी. शेळ्या मी पाळत नाही." तेव्हापासून पोरगी घरात धड जेवत नव्हती. एकदा रात्री जेवताना बापाकडे बघून म्हणाली होती, "तुझ्याकडून घ्यायला दुसरं काही सापडलं नाही मला?" तेव्हा कोस्मेनं मान खाली घालून सूप संपवलं होतं.

आता ती हसत बापासमोर आली. "आइता, पाणी!"

कोस्मेनं तोंड उघडलं. टेबलाखालून एदुर्नेनं त्याच्या पायावर पाय दिला आणि त्याला बाजूला ओढलं.

"एक अक्षर बोलायचं नाही तिला," ती दातांतल्या दातांत म्हणाली. "उतारावर आज तिची परीक्षा आहे. तू आत्ता हे भूत तिच्या डोक्यात घातलंस तर ती खालपर्यंत ब्रेक आवळूनच जाईल. तुझी भीती तुझ्यापाशी ठेव."

"आणि बाण खरंच चुकला असला तर?"

"चुकलाय?"

"माहीत नाही."

"मग माहीत करून घे. पोरीला का भाजतोस?"

हे मात्र एदुर्ने लाखातलं एक बोलली. कोस्मे चर्चच्या मागे गेला आणि त्याला एकदम सुचलं: पान्चिका! एदुर्नेची मावशी, म्हणून त्याचीही इसेबा, ऐंशी ओलांडलेली, फाट्याला लागूनच तिचा गोठा आणि घर. तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवरचा जुना फोन आहे. पुष्कळ वेळ वाजला, तेव्हा कुठं उचलला.

"कोण मेलं?" पान्चिकानं विचारलं. सकाळी फोन आला की ती हेच विचारायची.

"कुणी नाही, इसेबा. मी कोस्मे. तुमच्या फाट्यावर मी काल चुन्याचा बाण काढलाय."

"बघितला. वाकडा आहे."

"वाकडा असू दे. तो बाण नव्या रस्त्याकडे हवा. नव्या रस्त्याकडेच आहे ना? जरा जाऊन बघता? आत्ता लगेच? पोरं निघायच्या बेतात आहेत. इसेबा, तो बाण चुकलेला असला तर फार वाईट होईल हो. इराती आहे त्यात. माझे हातपाय गळालेत इथं."

"रडतोस काय असा? बघते."

फोन तसाच टांगून ती गेली. कोस्मेला तारेतून तिच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा आवाज ऐकू येत होता, मग कोंबड्यांचा, मग काहीच नाही. चर्चच्या पुढच्या अंगाला कुणीतरी हसलं. "चला, अंग गार पडतंय," हा नेस्तोरचा आवाज. कोस्मेनं भिंतीआडून डोकं काढलं. पोरं जाकिटांच्या चेन ओढत होती. त्यानं फोन कानात इतका दाबला की कान दुखायला लागला. ये ना बाई, ये ना लवकर. फाटा दारात आहे तुझ्या. एवढा वेळ काय करतेय ही?

अखेर खरखर झाली. "हं, आहेस का?"

"आहे, आहे! काय दिसलं?"

"दुसरीकडेच होता की तुझा बाण. नव्या रस्त्याकडे नव्हताच."

 कोस्मेनं चर्चच्या भिंतीला पाठ टेकली.

"घाबरू नकोस," पान्चिका म्हणाली. "पुसला मी ओल्या खराट्यानं. गोठ्याला द्यायला चुना कालवलेला होताच, नवा काढला. चांगला माणसाएवढा मोठा. नव्या रस्त्याकडे. तुझ्यापेक्षा सरळ आलाय."

"इसेबा," कोस्मे म्हणाला, "तुम्ही देवमाणूस आहात."

"चीज घेऊन ये येताना. मागच्या वेळचं खारट होतं," म्हणून तिनं फोन ठेवला.

कोस्मे चर्चच्या मागून आला तो वेगळाच माणूस. इतकी वर्षं लोक हसले, आणि आज एकदाच, एकदाच तो खरा ठरला होता! छाती अशी हलकी झाली होती की त्याला मोठ्यानं गावंसं वाटलं. टोळी निघत होती. तो धावत इरातीपाशी गेला, तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जा बेटा, सोड मोकळी! आज ब्रेक आहेत हेच विसर!"

इराती एक पाय पॅडलवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. "काय म्हणालास?"

"काही घाबरायचं नाही. बाप सांगतोय. जा!"

नेस्तोर हसला. "ऐकलंस? बाप शहाणा आहे तुझा." आणि टोळी धुक्यात शिरली. चाकांचा सूं सूं आवाज थोडा वेळ आला, मग तोही विरला.

कोस्मेनं ऑम्लेटचा मोठा तुकडा तोंडात टाकला आणि एदुर्नेला सगळं सांगितलं. बाण खरंच चुकला होता, पान्चिकाला कसं पळवलं, तिनं कसा पुसून नवा काढला. "आता म्हण मला अग्निशामक! लोन्चोला तर मी जेवताना सगळ्यांसमोर—"

"काय सांगितलंस तू मावशीला?" एदुर्नेनं विचारलं.

"सांगितलं, बाण नव्या रस्त्याकडे हवा."

"'नव्या रस्त्याकडे' म्हणालास? हेच शब्द?"

"मग काय म्हणणार?"

एदुर्नेच्या हातातलं संत्रं गळून पायऱ्यांवरून घरंगळत गेलं. "कोस्मे," ती हळू म्हणाली, "वरच्या गोठ्यांवरचे म्हातारे नवा रस्ता कशाला म्हणतात माहीत नाही तुला? समुद्राकडच्याला. लढाईनंतर तो झाला तेव्हा मावशीच्या बापानं तिथं दगड फोडलेत. आमच्या घरात अजून तोच 'नवा'. खोऱ्यातल्याला ते 'बोगद्याचा' म्हणतात."

कोस्मेच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

म्हणजे बाण बरोबर होता. त्यानं काढलेला बाण बरोबर होता, आणि आता तो कड्याकडे होता, माणसाएवढा मोठा.

"पण रस्ता तुटलाय हे तिला माहीत नाही का?" तो ओरडला.

"तिच्या गाई रोज जातात त्यावरून! सायकल ती केवढीशी, म्हणाली असेल. आणि सायकलवाले सगळे वेडेच असतात असं तिचं मत आहे. कोस्मे, काहीतरी कर."

एदुर्ने इरातीला फोन लावत होती. वाजत होता, वाऱ्यात कोण ऐकतंय. पान्चिकाचा वाजत होता. ती गाईंकडे गेलेली असणार. गाडी खाली बंदरात, मागची टोळी अजून चढाच्या पायथ्याशी. माथ्यावर ती दोघं, ऑम्लेटं आणि चर्चच्या भिंतीला टेकवलेली कोस्मेची सायकल.

त्यानं सायकलकडे बघितलं. एदुर्नेनंही बघितलं, आणि बायको असून ती "सांभाळून जा" म्हणाली नाही. "पळ," म्हणाली.

तो पळाला. पहिल्या वळणाला त्याचे हात ब्रेककडे गेले आणि त्यानं ते शिवी देऊन उचलले. धुक्यामुळे पुढचं चाक आणि त्यापुढे चार हात डांबर, बस. वळण आलं की मग कळायचं की आलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाऱ्यानं की कशानं, देवाला माहीत. आयुष्यभर ज्या ज्या गोष्टीला तो घाबरला होता, ओली पानं, वाळू, समोरून येणारा ट्रॅक्टर, त्या सगळ्या त्याला आठवत होत्या आणि तरी हात खाली जात नव्हते. कारण त्या सगळ्यांच्या पलीकडे त्याला एकच चित्र दिसत होतं: पोरगी पुढे आहे, मान खाली घातलीय, आणि ब्रेक विसरलीय. मी सांगितलं तिला. मी माझ्या तोंडानं सांगितलं. इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाही आणि आज सांगितलं.

फाट्यावर आला तर बाण डांबरावर पांढराफेक, ओलागच्च, डावीकडे. त्याच्यावरून चाकांच्या रेघाच रेघा गेलेल्या, चुना पुढे चार पावलं उमटलेला. अडथळे बाजूला गवतात. कोस्मे डावीकडे वळला.

इथं रस्ता अरुंद होता, कडेला फर्न माजलेलं. खालून समुद्राचा आवाज येत होता आणि दुसरा कुठलाच आवाज नव्हता. एक वळण गेलं. माणसांचा आवाज नाही. चाकांचा नाही. चाळीस माणसं असतात तिथं आवाज असायला हवा. त्यानं मोठ्यानं "इराती" अशी हाक मारली, ती धुक्यानं गिळली. दुसरं वळण घेतलं आणि त्याला शिवीगाळ ऐकू आली. बायकांनी कानांवर हात ठेवावेत अशी, बंदरावरची अस्सल शिवीगाळ. इतकं गोड संगीत त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

टोळी रस्त्यात तुंबली होती. माणसं एकमेकांवर आदळलेली, कुणी सायकल उचलतंय, कुणी खरचटलेलं कोपर बघतंय. आणि सगळ्यांच्या पुढे इराती, सायकल रस्त्यात आडवी घातलेली, दोन्ही हात पसरून उभी. 

"हो बाजूला," एक जण ओरडत होता. "वेडी झालीस का? मरता मरता वाचलो!"

"हाडं मोडली असती याची," दुसरा कुणीतरी खाली पडलेल्याकडे बोट दाखवत होता. "उतारावर असं मध्येच कोण थांबतं?"

"मी सांगितलं होतं," नेस्तोर थंडपणे म्हणाला. "शेळी." आणि त्यानं आपली सायकल तिच्या बाजूनं पुढे काढली.

"थांबा!" कोस्मे किंचाळला. सायकल टाकून तो त्यांच्यातून वाट काढत पुढे आला आणि नेस्तोरचा दंड धरला.  त्यानं नुसतं पुढच्या वळणाकडे बोट केलं. नेस्तोरनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, सायकल ठेवली, आणि चालत वळणाआड गेला.

 नेस्तोर परत आला तेव्हा त्याच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. तो कडेच्या दगडावर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडे बघत राहिला. मग एकेक जण जाऊन बघून आला. 

"वर फाट्यावर जा कुणीतरी," कोस्मे ओरडला. "मागची टोळी येतेय. बाणावर उभे राहा." दोघं लगेच सायकली फिरवून गेले.

"तू काय बघितलंस?" त्यानं इरातीला विचारलं. "काही दिसलं का तुला?"

"नाही."

"ऐकू आलं?"

"नाही रे, आइता, काहीच नाही!" ती रडायला लागली, रागानं. "तू म्हणालास ब्रेक विसर. तू! तू मला जिन्यावरून उतरताना कठडा धर म्हणतोस. मी निघाले खरी, पण डोक्यातून जाईना. आइता असं का बोलला? त्याला काय झालंय? आजारी आहे का, माझ्यापासून काही लपवतोय का? दर वळणाला जास्तच भीती वाटायला लागली. इथवर आले आणि मग नाहीच झालं मला. सगळ्यांना घेऊन परत जावं, तुला बघावं, एवढंच वाटलं. म्हणून थांबले."

कोस्मेनं तिला जवळ ओढलं नाही. त्याची तेवढी लायकी नाही असं त्याला वाटलं. चाळीस माणसांसमोर तो म्हणाला, "बाण बरोबर होता. काल मी बरोबर काढला होता. आज घाबरून मीच फोन करून तो बदलायला लावला."

 कोपर खरचटलेल्यानं थुंकून तोंड फिरवलं. इरातीनं नाक पुसलं, खिशातून फोन काढला आणि आईला लावला. पहिल्याच घंटीला तिकडे उचलला गेला.

"आमा, मी," इराती म्हणाली.

मग एदुर्नेचा आवाज आला, कोस्मेलाही ऐकू गेला. "थांबलीस?"

"थांबले."

पलीकडे एदुर्ने पायरीवर बसली असावी, तसा आवाज आला.

सगळे सायकली हातानं ढकलत वर फाट्याकडे चालत गेले. कोस्मे शेवटी. इराती त्याच्या शेजारून चालत होती, पुढे जात नव्हती. फाट्यावर आधी गेलेले ते दोघं बाणावर पाय रोवून उभे होते आणि पान्चिका खराटा घेऊन त्यांना झापत होती.

"उतरा त्याच्यावरून. चुना वाळला नाहीये अजून. कोस्मे, सांग यांना. आणि तुम्ही सगळे परत का आलात?"

चाळीस माणसांनी कोस्मेकडे बघितलं. म्हातारीला सगळं सांगायचं म्हणजे उरलेले दिवस तिला झोप नाही.

"माझी चूक झाली, इसेबा," तो म्हणाला. "मी तुम्हाला उलटं सांगितलं. पहिलाच बरोबर होता."

पान्चिकानं खराट्याची दांडी जमिनीवर आपटली. "बघ! माझ्या मनात आलंच होतं. म्हटलं, तिकडं तर समुद्रानं रस्ता खाल्लाय, तिकडं कशाला पाठवतोय हा पोरांना? परत फोनवर विचारणार होते तुला."

"मग विचारलं का नाहीत?"

"अरे, तू इतका घाबरलेला होतास," ती म्हणाली. "म्हटलं, माणूस एवढा घाबरून सांगतोय म्हणजे त्याला नक्की ठाऊक असणार."

कोस्मेनं तिच्या हातातून खराटा घेतला. इराती गोठ्यातून पाण्याची बादली घेऊन आली, आणि तो गुडघ्यांवर बसून बाण पुसायला लागला.